उजव्या चॅनलवरचा होकार

फरंगीसशी बोलायचं तर तिच्या उजव्या बाजूला बसावं लागायचं. डावा कान तिनं नऊ वर्षांची असताना गमावला. युद्धाची वर्षं होती. भोंगा वाजला की दिझफूलमधलं प्रत्येक घर आपापल्या शवादूनमध्ये, म्हणजे घराखालच्या खोल तळघरात, उतरायचं. त्या दिवशी घरची सगळी खाली पोचली होती. फरंगीस कोंबडी आणायला मागे फिरली आणि क्षेपणास्त्र पडलं तेव्हा ती वरून सहाव्या पायरीवर होती. कोंबडी गेली, कान गेला. हे ती हसत हसत सांगायची आणि ऐकणाऱ्याला कळायचं नाही, आपण हसायचं की नाही.

विसाव्या वर्षी तिचं लग्न एका ट्रकवाल्याशी झालं. तीन वर्षं टिकलं. "तीन वर्षांत त्या माणसाला माझी ऐकायची बाजू कुठली ते लक्षात राहिलं नाही," ती म्हणायची. "डावीकडून हाका मारायचा आणि मी ओ दिली नाही की ताट फेकायचा." तलाक घेऊन ती आईच्या घरी परत आली. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही दोघींनी मिळून स्टुडिओ काढला. मी शौकत. कॅमेरा माझा, एडिटिंग तिचं.

आमच्या गावात लग्नातल्या बायकांच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला जात नाही, आणि तिथली फिल्म पुरुष एडिटरच्या डोळ्यांसमोर ठेवायला कुठलंही घर तयार नसतं. बायका तिथे डोक्यावरचं काढून, नटूनथटून नाचतात. त्यामुळे आमच्याकडे कामाची वाण नव्हती. फरंगीसनं कॉम्प्युटर थेट शवादूनमध्ये मांडला होता. वर पन्नास डिग्रीचं ऊन असलं तरी खाली गारवा, आणि रस्त्यावरचा एकही आवाज आत येत नसे.

तिच्या कामाची रीत वेगळी होती. आमचा कॅमेरा दोन माइक घ्यायचा. एकाचा आवाज टेपच्या डाव्या चॅनलवर, दुसऱ्याचा उजव्या. घरी फिल्म बघणाऱ्याच्या कानांवर दोन्ही एकदम येतात आणि त्याला वाटतं, खोलीत असंच ऐकू येत होतं. फरंगीसनं हेडफोन लावला की डावं चॅनल तिच्या मेलेल्या कानात जायचं. म्हणून ती कामाला बसली की पहिल्यांदा दोन्ही चॅनल सुटी करायची. पडद्यावरच्या आवाजाच्या एका पट्टीच्या दोन पट्ट्या, एकीखाली एक. आधी खालची बंद ठेवून वरची ऐकायची, मग वरची बंद ठेवून खालची, आणि दोन्ही वेळा आवाज उजव्या कानात वळवायचा. एका तासाच्या फिल्मला दोन तास नुसतं ऐकणं. दोन कान असलेले एडिटर एवढी उठाठेव करत नाहीत. पण तिच्या फिल्मांमध्ये एका माइकवर आलेली कूलरची घरघर दुसऱ्यावरच्या गाण्याला लागत नसे, आणि अहवाझपर्यंतच्या बायका म्हणायच्या, आवाज फरंगीससारखा कोणाचा नाही.

अशा ऐकण्यात नको ते पण ऐकू यायचं. नवऱ्या मुलीची मावशी सासूच्या दातांबद्दल काय म्हणाली, पुलावात केशर होतं की हळद, कोण कोणाच्या बांगड्या मोजत होतं. एकदा तर एक बाई माझ्याबद्दलच म्हणाली होती, "ही कॅमेरावाली जेवायला आलीये का शूटिंगला?" फरंगीसनं ते मला ऐकवलं आणि दोघी पोट धरून हसलो. पण गिऱ्हाईकाचं कुजबुजणं तिनं कधी बाहेर नेलं नाही. कापायची आणि पुसून टाकायची. सोळा वर्षं तिनं हा नेम पाळला, एकदाच मोडला.

नस्तरनचं लग्न होतं ते. मुलगी एकोणीस वर्षांची, अहवाझच्या शिक्षक महाविद्यालयात नाव लागलेलं. तिची थोरली बहीण महनाझ आदल्या वर्षी कॅन्सरनं गेली. मागे दोन मुलं, यल्दा पाच वर्षांची आणि पूया जेमतेम दोनचा. महनाझचा नवरा इरज टायरच्या दुकानाचा मालक, छत्तीस वर्षांचा, अबोल माणूस. वर्षाचं सुतक फिटलं आणि नस्तरनची आत्या एफ्फत-अम्मे हिनं मनावर घेतलं की मुलांना सख्खी मावशीच आई म्हणून मिळाली पाहिजे. तिच्यावर उगाच राग धरू नये कोणी. महनाझच्या शेवटच्या चार महिन्यांत तिचं अंग पुसणं, उलट्या काढणं, सगळं याच बाईनं केलं होतं, आणि मरणाऱ्या पोरीला तिनं शब्द दिला होता की मुलं परक्या बाईच्या हातात जाणार नाहीत. नस्तरनच्या बापानं मान डोलावली. नस्तरन काय म्हणाली ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निकाह घरीच झाला, गाणंबजावणं नाही. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेरच्या, मध्ये पडदा. निकाह लावणारे हाजी-आगा पुरुषांत बसले होते, इरजही तिथेच. मी एक माइक लांब वायरनं पडद्याखालून हाजी-आगांपुढे नेला, तो डाव्या चॅनलवर. दुसरा छोटा माइक नवरीपुढच्या चादरीवर, रंगवलेल्या अंड्यांच्या टोपलीत लपवला, तो उजव्या. नस्तरन आरशासमोर मान खाली घालून बसली होती, तोंडावर दाट जाळी. चार बायकांनी तिच्या डोक्यावर पांढरं कापड धरलं होतं आणि एफ्फत-अम्मे तिच्या पाठीशी टेकून गोड संसाराचा शकुन म्हणून साखरेचे दोन शंकू एकमेकांवर घासत होती.

हाजी-आगांनी बाहेरून विचारलं, अमुक रकमेच्या मेहेरवर इरजशी निकाह लावायला मला परवानगी आहे का. पहिल्या दोन वेळा नवरीनं गप्प राहायची रीत, म्हणून बायका ओरडल्या, "नवरी फुलं वेचायला गेलीये!" त्यांनी पुन्हा विचारलं. "नवरी गुलाबपाणी आणायला गेलीये!" तिसऱ्यांदा विचारलं. मग बारीक आवाजात आलं, "वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो." लगेच किलकाऱ्या, टाळ्या, साखरेचे दाणे. मी त्या क्षणी कॅमेरा शंकूंवर नेला होता. साखर पडताना उजेडात छान दिसते.

तीन आठवड्यांनी इरज टेप कुठवर आली ते विचारायला स्वतः आला. असं कोणी नवरा करत नाही, आया-बहिणी येतात. दाराशी उभा राहून जमिनीकडे बघत म्हणाला, "खानुम, एक विनंती होती. तिचा 'हो' आहे ना, तेवढा जरा मोठा करता येईल? बाहेर आम्हाला नीट ऐकूच आला नाही. किलकाऱ्यांत बुडाला."

"करते आगा. तेच तर माझं काम," फरंगीस म्हणाली, आणि तो गेल्यावर मला डोळा मारला, "बघ, असा नवरा शोधायचा होता मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायऱ्या उतरून खाली गेले तर ती हेडफोन गळ्यात टाकून नुसतीच बसली होती. पडद्यावर नस्तरनची वाकलेली मान थांबलेली.

"ये. उजवीकडे नको, इथे माझ्या खुर्चीत बस."

"काय झालं?"

"ऐक आधी. आत्ता दोन्ही चॅनल लावलीयेत."

मी ऐकलं. हाजी-आगा, बायका, 'हो', किलकाऱ्या. "बरं मग?"

"आता डावं बंद केलं. फक्त टोपलीतला माइक."

हाजी-आगांचा आवाज एकदम लांब गेला, भिंतीपलीकडचा वाटावा तसा. साखरेची खरखर राहिली आणि तिच्या खाली कोणाचा तरी श्वास, धाप लागल्यासारखा. तिसऱ्या प्रश्नानंतर एक हलका, पण अगदी जवळचा आवाज आला, "अम्मे, मला नाही जमणार." मग दुसरा, दातांतून, "बोल गं. बाहेर लोक बसलेत. बोल." मग पुन्हा तो श्वास. "अम्मे, नको ना." साखरेची खरखर थांबली. आणि मग, त्या दुसऱ्याच आवाजात, मुद्दाम पातळ केलेल्या, "वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो."

 ती खोली मी बघितली होती. मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"परत लाव," मी म्हटलं. तिनं परत लावलं. पाच वेळा ऐकलं आम्ही. एफ्फत-अम्मेचा घोगरेपणा 'हो'च्या शेवटाला उघडा पडत होता. दोन्ही चॅनल एकत्र वाजताना हाजी-आगांचा खोकला नेमका त्यावर येत होता, म्हणून कोणालाच कळलं नव्हतं.

"पूस हे," मी म्हटलं. "हाजी-आगांचं चॅनल ठेव, हे टाक. आपलं काय जातंय?"

"पोरीनं होकार दिलेला नाही, शौकत."

"सही केली ना नंतर वहीत? मी शूट केलीये सही."

"माझ्या लग्नात हाजी-आगा माझ्या डावीकडे बसले होते," फरंगीस म्हणाली. "मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आईनं कोपर मारलं तेव्हा मी हो म्हटलं. पण निदान म्हटलं मी. माझ्या तोंडून निघालं."

 मी म्हटलं, "मग आधी मुलीला बोलाव. फोटो निवडायच्या निमित्तानं. तिला विचार काय करायचं ते."

"हो, तेच बरोबर," ती म्हणाली. "शनिवारी बोलावते. घरात सासू असते, फोनवर नको."

त्या जागेवर तिनं उजवं चॅनल बंद केलं. आता फिल्ममध्ये हाजी-आगांचा प्रश्न होता, पडद्यापलीकडून आल्यासारखी पुसट किलकारी होती, आणि मधे काही नव्हतं. सुटं काढलेलं उजवं चॅनल तिनं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. पण शनिवारच्या आधी गुरुवार आला, आणि गुरुवारी दुपारी इरज आला.

त्यानं वरच्या खोलीतल्या टीव्हीवर तेवढाच भाग बघितला. "नाहीये," तो म्हणाला. "त्या दिवशी निदान थोडा होता. आता तर काहीच नाही."

"माइकनं पकडला नाही आगा. होतं असं कधी कधी."

त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "खानुम, महिना होत आला लग्नाला. ती मुलांच्या खोलीत झोपते. मी म्हटलं, लाजते. मी म्हटलं, बहिणीचं घर आहे, वेळ लागेल. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. पण ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा मला वाटतं मी हिचं काहीतरी चोरून आणलंय." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही ऐकलं असेल सगळं. मला खरं सांगा. ती हो म्हणाली का?"

मी दारात उभी होते. मी मान हलवत होते, नको, नको. फरंगीसनं माझ्याकडे बघितलं नाही. आजवर तिला कोणी असं सरळ विचारलं नव्हतं, आणि सरळ विचारलेल्याला खोटं सांगणं तिला कधी जमलं नाही.

"खाली या," ती म्हणाली.

त्यानं हेडफोन लावला. तिनं उजवं चॅनल दोन्ही कानांत वळवून दिलं. ऐकून झाल्यावर तो हेडफोन काढायचंच विसरला.  मग म्हणाला, "एफ्फत-अम्मे. वर्षभर रोज फोन करायची मला. या आवाजात मी चूक करणार नाही." हेडफोन काढून ठेवला, उठला आणि पायऱ्या चढून गेला.

इरजच्या मनात वाईट काही नव्हतं. तो तडक सासऱ्याच्या घरी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ही मुलगी माझी बायको नाही, तिला मोकळं करा. एफ्फत-अम्मेनं कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवली. मग इरजनं टेपचं सांगितलं आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. बापानं कानाखाली मारली ती नस्तरनच्या. स्वतःच्या बहिणीला मात्र काही बोलला नाही. हाजी-आगांना बोलावलं, ते म्हणाले, सही केली, त्या घरात नांदायला गेली, यात होकार आला, आता उकरून काढू नका. इरजनं ऐकलं नाही. दोन महिन्यांत तलाक झाला.

आपण मुलीला सोडवलं, असं फरंगीसला वाटत होतं. तोंडानं बोलली नाही, पण त्या दिवसांत ती कामात गुणगुणायची. मग एक दिवस भर दुपारी नस्तरन शवादूनच्या पायऱ्या उतरून आली. चादर डोक्यावरून घट्ट लपेटलेली, चेहरा वाळलेला. बस म्हटलं तर बसली नाही.

"मला ऐकायचंय," ती म्हणाली.

फरंगीसनं लावून दिलं. तिनं एकदाच ऐकलं. मग हेडफोन टेबलावर ठेवून म्हणाली, "पूया मला आई म्हणायला लागला होता. आता तो इरज-आगांच्या आईकडे असतो. मला भेटू देत नाहीत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, भाकरी माझ्या हातची खात नाहीत. कॉलेजची जागा गेली, मुदत संपली. गल्लीतल्या बायका म्हणतात, नवऱ्यानं महिन्यात परत पाठवली, काहीतरी असेल."

"पण तुला ते लग्न नको होतं, बाळा," फरंगीस म्हणाली.

"नको होतं. त्या दिवशी नको होतं. मग मी त्या घरात गेले, मुलं गळ्यात पडली, आणि मी ठरवलं होतं राहायचं. सांगणार होते मी इरज-आगांना. थोड्या दिवसांनी, माझी मी." तिनं चादर सावरली. "तुम्ही मला विचारलं का नाही, खानुम?"

"विचारणार होते गं. शनिवारी विचारणार होते."

"सगळेच विचारणार होते," नस्तरन म्हणाली आणि वर निघून गेली.

फरंगीस मला एवढंच म्हणाली, "तू म्हणाली होतीस, आधी मुलीला विचार." मी म्हटलं, त्याआधी मी पूस म्हणाले होते, मी काही शहाणी नव्हते. पण तिला ते पटलं नाही.

त्यानंतर कामं आटली. एफ्फत-अम्मेला वाळीत टाकावं असं कोणाला वाटलं नाही. पण गावभर बोभाटा झाला की फरंगीसकडे असं मशीन आहे जे तुमच्या पोटातलं कुजबुजणं बाहेर काढतं आणि पुरुषांना ऐकवतं. ठरलेली लग्नं एकेक करून दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. एका बाईनं तर मला अंगणात थांबवून विचारलं, "माझ्या मुलीच्या लग्नात मी नणंदेला काय बोलले ते अजून आहे का तिच्याकडे? किती घेईल ती पुसायला?" मी म्हटलं, बाई, तिनं ते त्याच दिवशी पुसलं होतं. तिचा विश्वास बसला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही स्टुडिओ बंद केला. मी अहवाझला एका फोटोवाल्याकडे लागले. फरंगीस मावसभावाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागली. कॉम्प्युटर तिनं विकला, पण त्याआधी बसून एकेक टेप पुसली, सोळा वर्षांच्या. मी म्हटलं, लोकांच्या आठवणी आहेत, राहू दे. ती म्हणाली, "लोकांकडे त्यांच्या प्रती आहेत. ऐकलेलं सगळं मात्र माझ्या कानात आहे." त्या कामाला तिला सव्वा महिना लागला. पुसण्याआधी ती परत ऐकत होती का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

चार वर्षांनी एफ्फत-अम्मे गेली. मी योगायोगानं दिझफूलमध्ये होते. फरंगीसनं फोन केला, "चल, समाचाराला जाऊ." मी म्हटलं, कशाला, दारातून हाकलतील. ती म्हणाली, "हाकलू देत."

कोणी हाकललं नाही. कोणी बसाही म्हटलं नाही. बायकांच्या खोलीत कुराण चालू होतं, खजूर फिरत होते. आम्ही दाराजवळ बसलो. थोड्या वेळानं फरंगीस उठून स्वयंपाकघराकडे गेली, मी मागोमाग. तिथे नस्तरन एकटी चहाचे पेले धूत होती, शंभरेक तरी. अहवाझला एका दवाखान्यात नावं लिहून घेण्याचं काम करते, एवढं मला ऐकून माहीत होतं. आम्हाला बघून तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

फरंगीसनं बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी उभी राहून धुतलेले पेले पुसायला घेतले. दहा-बारा पेले झाले. मग नस्तरन म्हणाली, "शेवटी मीच होते तिच्याजवळ. पाय चेपायला. दुसरं कोणी नव्हतं."

"हं," फरंगीस म्हणाली.

"माफी नाही मागितली तिनं."

"बरं."

"यल्दाला परवा लांबून बघितलं. शाळेच्या रांगेत. उंच झालीये, महनाझसारखी." तिनं पेला उपडा ठेवला. "मला ओळखलं नाही तिनं."

बाहेरून कोणीतरी ओरडलं, चहा कुठे राहिला. नस्तरननं तबक भरलं. फरंगीसनं दुसरं भरलं. दोघी एकामागे एक खोलीत गेल्या आणि बायकांनी दोघींच्या हातचा चहा घेतला.